कृष्णगिरीचा महाविहार

शके ७७५. मान्यखेटात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष राज्य करत होता आणि त्याचा मांडलिक म्हणून कोकणाचा कारभार शिलाहार कपर्दी दुसरा पाहत होता. त्या वर्षी गौड देशाचा, म्हणजे बंगालचा, अविघ्नाकर नावाचा एक गृहस्थ साष्टीतल्या कृष्णगिरीवर आला. नावामागे तो 'गोमिन' ही बौद्ध उपासकाची उपाधी लावत होता. भिक्षूंना ध्यानाला बसता यावं म्हणून त्याने खोल्या करवून घेतल्या, तिथे राहणाऱ्यांच्या वस्त्रांसाठी शंभर द्रम्म अक्षयनीवी म्हणून ठेवले आणि हे सगळं दगडावर कोरून घेतलं. तो लेख आजही कान्हेरीच्या दरबार लेण्यात आहे.

या लेखाची तारीख पाहिली की मराठी वाचकाने शाळेपासून मनात धरलेला एक समज हलतो. सातवाहन, मग वाकाटक, मग अजिंठा, आणि अजिंठ्याबरोबर महाराष्ट्रातल्या बौद्ध विहारांची कथा संपली, असं आपण धरून चालतो. अविघ्नाकर कृष्णगिरीवर आला तेव्हा अजिंठ्याची छिन्नी थांबून साडेतीनशेहून अधिक वर्षं लोटली होती. वेरूळची बौद्ध लेणीही कधीच पुरी झाली होती आणि शेजारी राष्ट्रकूटांनी कैलास उभा केला होता. तरीही कोकणातल्या एका डोंगरावर भिक्षू राहत होते, त्यांना वर्षाला चीवरं लागत होती, खोल्या कमी पडत होत्या आणि त्या बांधून द्यायला बंगालहून माणूस येत होता.

कृष्णगिरी, म्हणजे ज्याला आपण 'कान्हेरी लेणी' म्हणतो तो डोंगर, आज बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे. शंभराहून अधिक लेणी, पण बहुतेक लोक मोठं चैत्यगृह, दरबार लेणं आणि वाटेत लागतील ती पाच-सात दालनं पाहून उतरतात. त्यात चूक काही नाही, मूर्ती तिथेच आहेत. पण मला वाटतं, कान्हेरीचं खरं मोल मूर्तींपेक्षा तिथल्या संस्थेत आहे. जवळजवळ हजार वर्षं हा विहार चालला. राजवटी गेल्या, बंदरं बदलली, धर्माचं रूपसुद्धा बदललं, तरी चालला. तो कसा चालवला गेला, हे तिथला दगड फार तपशिलाने सांगतो.

आधी जागा. साष्टी हे त्या काळी खाड्यांनी आणि समुद्राने वेढलेलं बेट. उत्तरेला वसईच्या खाडीपलीकडे सोपारा, पूर्वेला ठाण्याच्या खाडीपलीकडे उल्हास नदीवरचं कल्याण, दक्षिणेला चेमुल म्हणजे चौल. पश्चिम समुद्रावरची ही तीन नामांकित बंदरं, आणि त्यांच्या मधोमध जंगलात हा डोंगर. भिक्षूंना वस्ती जवळ हवी, कारण भिक्षा आणि दान वस्तीतूनच येणार. पण वस्तीचा गलबला कानावर पडू नये इतकं अंतरही हवं. कृष्णगिरी या दोन्ही गरजा भागवतो. डोंगरमाथ्यावरून पश्चिमेला समुद्र दिसतो आणि उत्तरेला वसईची खाडी.

सुरुवातीचे दाते या बंदरांतलेच. प्राकृतातले लेख वाचले की एका गजबजलेल्या किनाऱ्याची माणसं समोर येतात. कल्याणचे व्यापारी आहेत, सोपाऱ्याचे आहेत, चौलचे आहेत, नाशिकचे आहेत. संन्यास घेतलेल्या भिक्खुणी आहेत, त्यांनीही दान दिलं आहे. कल्याणच्या एका लोहाराने डोंगरावरची वाट करून दिली. या लोहाराचा मला विशेष आदर वाटतो. चैत्य, खांब, बुद्धमूर्ती यांवर दात्याचं नाव शोभून दिसतं. वाट ही सगळ्यांच्या पायाखाली जाणारी वस्तू, पण ती नसेल तर वरचं काहीच उपयोगाचं नाही.

मोठं चैत्यगृह, आजचं तीन क्रमांकाचं लेणं, सातवाहनांच्या उतरत्या काळात यज्ञश्री सातकर्णीच्या राज्यात कोरलं गेलं. दोघा व्यापारी भावांनी त्याचा खर्च उचलला. सुमारे २६ मीटर लांब दालन, दोन्ही बाजूंनी आणि स्तूपामागून फिरणारी चौतीस खांबांची रांग, शेवटी अखंड दगडातला स्तूप. कार्ल्याचा आराखडा समोर ठेवून केलेलं हे काम आहे. दारापाशी दाते-दंपतींच्या मूर्ती आहेत त्याही कार्ल्याची आठवण देतात. पण कार्ल्याची सफाई इथे नाही. काही खांबांना कुंभाचा तळ आणि वर हत्तींचे शीर्षभाग आहेत, बाकीचे नुसते अष्टकोनी सोडून दिले आहेत. पैसा संपला असेल, कारागीर दुसरीकडे गेले असतील, किंवा विहाराला प्रार्थनेची घाई झाली असेल. अपुऱ्या खांबांच्या त्या दालनात पुढची शेकडो वर्षं पूजा होत राहिली.

कान्हेरीचा दगडही जरा वेगळा. इथला कातळ बहुतांशी ज्वालामुखीच्या राखेत खडे-धोंडे घट्ट होऊन बनलेला, मिश्र पोताचा आहे. कार्ल्याच्या किंवा अजिंठ्याच्या काळ्या बसाल्टइतका तो एकजीव नाही. बारीक नक्षी त्यात टिकत नाही, पावसाने त्याचे खडे सुटतात, पृष्ठभाग खवल्यांसारखा उतरतो. म्हणून इथल्या कलाकुसरीकडे अजिंठ्याच्या डोळ्यांनी पाहिलं तर निराशा होते. राहण्याजोगी घरं कोरायला मात्र हाच दगड सोयीचा पडला.

आणि कान्हेरी हे मुळात घरांचंच गाव आहे. नाशिकला किंवा अजिंठ्याला विहार म्हणजे मध्ये मोठं चौक-दालन आणि भोवती ओळीने कोठड्या. दहा-वीस भिक्षू एका छपराखाली राहणार. कान्हेरीला तसं क्वचित आहे. इथे बहुतेक लेणी एकट्यादुकट्याची. पुढे छोटं अंगण, अंगणाच्या एका बाजूला दगडी ओटा, दुसऱ्या बाजूला भिंतीच्या कोनाड्यात पाण्याचं टाकं. चार-पाच पायऱ्या चढलं की दोन खांबांची ओसरी. ओसरीतून आत एक दालन, त्याच्या भिंतीला लागून बसायला बाक. दालनाच्या एका अंगाला निजायची कोठडी, तिच्यात दगडातच सोडलेला पलंग. काही ठिकाणी ओसरी आणि दालन यांच्यामध्ये दगडी जाळीची खिडकी आहे, उजेड येईल आणि पाऊस येणार नाही अशी. दाराच्या चौकटीला लाकडी पट बसवण्यासाठी केलेली भोकं अजून दिसतात. अशी घरं शेजारी शेजारी, एकावर एक, ओढ्याच्या दोन्ही कडांनी डोंगरभर पसरली आहेत आणि ती सगळी कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी जोडली आहेत. एका घरातून निघून दुसऱ्या घरी, तिथून चैत्याकडे, तिथून सभेच्या दालनाकडे भिक्षू कसा जात असेल हे आजही पायांनी चालून कळतं.

या घरांची सर्वांत मोठी सोय पाण्याची. मुंबईच्या परिसरात पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ काहीच पडत नाही. डोंगरावरचे ओढे दिवाळीनंतर आटत जातात. हजार वर्षं वस्ती ठेवायची तर चार महिन्यांचं पाणी बारा महिने पुरवणं हाच मुख्य प्रश्न, आणि कान्हेरीच्या कारागिरांनी तो दगडातच सोडवला. लेण्याच्या माथ्यावरच्या उतारावर बारीक पन्हळी खोदल्या आहेत. पावसाचं पाणी दर्शनी भागावरून ओघळून ओसरीत येऊ नये म्हणून त्या पन्हळी ते बाजूला वळवतात आणि टाक्याच्या तोंडाशी सोडतात. टाक्याचं तोंड लहान, पोट मोठं, बरंचसं लेण्याच्या जमिनीखाली गेलेलं. ऊन पोचत नाही, वाफ होत नाही. लेखांत या टाक्याला 'पोढी' म्हटलं आहे, आणि लेणं दान करणारा दाता पुष्कळदा पोढीचाही आवर्जून उल्लेख करतो. घर आणि पाणी हे एकाच दानाचे दोन भाग होते.

घरटी टाक्यांखेरीज सामाईक व्यवस्थाही होती. डोंगरामधून जो ओढा वाहतो त्यावर वरच्या अंगाला दगडी बंधारा घातलेला होता. त्याचे अवशेष एकोणिसाव्या शतकातल्या पाहणाऱ्यांनी नोंदवले आहेत. म्हणजे एकेका भिक्षूचं टाकं वेगळं आणि संघाचा साठा वेगळा. एवढा हिशेब ज्यांनी केला त्यांच्या मनात हा डोंगर पावसाळ्यापुरत्या आसऱ्याचा राहिलेला नव्हता. भिक्षूंनी एरवी फिरत राहावं, वर्षावासापुरतं एका जागी थांबावं, हा जुना नियम. कान्हेरीची टाकी उन्हाळ्यासाठी खोदली आहेत. नियमाच्या पोथ्या काही म्हणोत, इथे माणसं बारमाही राहत होती, याचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही. याच डोंगररांगेच्या कुशीत इंग्रजांनी १८६० साली विहार तलाव आणि १८७९ साली तुळशी तलाव पुरा केला आणि मुंबईला नळाचं पाणी मिळालं. साष्टीचा हा डोंगर पाणी धरतो हे त्यांच्या आधी सतराशे वर्षं कुणीतरी नीट ओळखलं होतं.

पाचव्या-सहाव्या शतकांत कृष्णगिरीचं रूप पालटलं. स्तूपाच्या जागी बुद्धमूर्ती पूजेच्या केंद्रस्थानी आल्या, बोधिसत्त्व आले, तारा आली. मोठ्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही बाजूंना सुमारे सात मीटर उंचीच्या उभ्या बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या त्या याच काळात. विहाराची कीर्ती कुठवर पोचली होती ते एका ताम्रपटावरून कळतं. जेम्स बर्ड या डॉक्टरने १८३९ साली चैत्यगृहासमोरचा स्तूप उकरला, तेव्हा त्यात हा ताम्रपट सापडला. त्रैकूटकांच्या राज्याचं २४५ वं वर्ष, म्हणजे इसवी सन ४९४ च्या सुमाराचा तो लेख. सिंधु देशातल्या कनक गावचा बुद्धरुची नावाचा माणूस सांगतो की कृष्णगिरीच्या महाविहारात त्याने बुद्धाचा अग्रशिष्य शारद्वतीपुत्र, म्हणजे सारिपुत्त, याच्या नावाने चैत्य उभारला. सिंधहून आलेला बुद्धरुची आणि साडेतीनशे वर्षांनी बंगालहून आलेला अविघ्नाकर, दोघेही या जागेला महाविहारच म्हणतात.

या काळातलं सगळ्यांत बोलकं शिल्प नव्वद क्रमांकाच्या लहानशा लेण्यात आहे. मध्ये अवलोकितेश्वर उभा आणि दोन्ही अंगांना छोट्या चौकटींत संकटात सापडलेली माणसं. कुणावर हत्ती धावून आला आहे, कुणावर सिंह, कुणाला साप, कुणाला आग, कुणी बेड्यांत आहे. एका चौकटीत गलबत बुडतं आहे. प्रत्येक ठिकाणी माणूस हात जोडतो आणि बोधिसत्त्व धावून येतो. हा विषय अजिंठ्यात आणि वेरूळलाही आहे, पण सोपारा आणि कल्याणच्या मध्ये उभ्या असलेल्या डोंगरावर बुडत्या गलबताला वेगळं वजन येतं. ज्यांच्या पैशावर विहार चालला त्यांचे मुलगे-भाऊ त्या गलबतांवर होते. एकेचाळीस क्रमांकाच्या लेण्यात याच अवलोकितेश्वराची अकरा मस्तकांची मूर्ती आहे. तिबेट, चीन आणि जपानमध्ये हे रूप पुढे घरोघरी पोचलं, भारतात मात्र ते फार विरळ.

दरबार लेणंही याच सुमाराचं. नाव अलीकडचं, पण ते का पडलं हे आत शिरताच कळतं. दालन खोलीपेक्षा रुंदीला मोठं आहे, मागच्या भिंतीत बुद्धाचं गर्भगृह, कडेला कोठड्या, आणि जमिनीतून वर सोडलेले दोन लांबच लांब ठेंगणे बाक, एकमेकांना समांतर. असे बाक वेरूळच्या पाचव्या लेण्यात आहेत, दुसरीकडे सहसा नाहीत. भिक्षूंनी समोरासमोर बसून एकत्र पाठ करायचा, एकत्र जेवायचं, संघाचे निर्णय घ्यायचे, यासाठीच हे दालन आहे. एकेकट्याच्या घरांनी भरलेल्या डोंगरावर एकत्र बसण्याची ही जागा. अविघ्नाकराने आपला लेख इथेच कोरवला, कारण संघाच्या साक्षीने केलेल्या कराराला हीच जागा योग्य होती.

करारच म्हणायला हवा. अक्षयनीवी म्हणजे मुद्दल कधी न मोडता व्याजावर चालवायची ठेव. ही पद्धत कान्हेरीला पहिल्यापासून होती. सातवाहन काळातल्या लेखांत भिक्षूंच्या चीवरासाठी सोळा कार्षापणांची तजवीज सांगितली आहे आणि त्यासाठी शेतं लावून दिली आहेत. त्यांतलं एक शेत मंगलठाण गावातलं, म्हणजे आजच्या बोरिवलीजवळचं मागाठाणे. तिथेही पुढे बौद्ध लेणी कोरली गेली. लोकल गाड्यांच्या गर्दीत ज्याच्या जवळून आपण रोज जातो त्या गावच्या भाताच्या उत्पन्नातून अठराशे वर्षांपूर्वी डोंगरावरच्या माणसांची वस्त्रं येत होती.

नवव्या शतकात शेतांच्या जागी द्रम्म आले. या काळातले तीन लेख कान्हेरीला आहेत, तिन्ही अमोघवर्षाच्या राज्यातले आणि तिन्ही शिलाहारांच्या कारकिर्दीतले. पहिला शके ७६५ चा, पुल्लशक्ती कोकणाचा महासामंत असतानाचा. त्याच्या एका वृद्ध अमात्याने कृष्णगिरीच्या संघाला नमस्कार करून ठेव दिली आणि ती कशी खर्चायची हे वेगवेगळं सांगितलं. काही द्रम्म भगवंताच्या पूजेला, काही विहाराच्या डागडुजीला, काही चीवरांना आणि काही पुस्तकांना. पुस्तकांची ही बाब वाचून मला फार आनंद झाला. डागडुजी आणि कापड कुठल्याही मठाला लागतंच. पुस्तकांना स्वतंत्र रक्कम लागते तिथे लिहिणारे आहेत, वाचणारे आहेत, ताडपत्रं कुजतात आणि त्यांच्या नव्या नकला कराव्या लागतात. कोकणच्या दमट हवेत हा खर्च दर पिढीला पुन्हा उभा राहत असणार. त्या पुस्तकांतलं एक पानही आज कान्हेरीत उरलेलं नाही. त्यांच्या असण्याचा पुरावा जमाखर्चाच्या त्या नोंदीत आहे.

दुसरा लेख अविघ्नाकराचा. तिसरा शके ७९९ चा, पुन्हा कपर्दी दुसऱ्याच्याच काळचा, आणि त्यातही द्रम्मांची ठेव आहे, ध्यानाची खोली आहे. बाप-लेकांच्या दोन कारकिर्दींत मिळून चौतीस वर्षांत तीन ठेवी. रकमा मोठ्या नाहीत. त्याच शतकात बिहारमध्ये नालंदेला पाल राजा देवपालाने गावंच्या गावं दिली होती, तीही सुवर्णद्वीपाच्या राजाच्या विनंतीवरून. कृष्णगिरीला या काळात कुठल्या सम्राटाने गाव दिल्याचा लेख नाही. अमोघवर्षाचा ओढा जैन धर्माकडे, शिलाहार शैव. त्यांनी विहाराला त्रास दिला नाही, त्यांच्या राज्यात दान सुरक्षित राहिलं, आणि प्रत्यक्ष पैसा अमात्याने, परदेशी उपासकाने, लहान माणसांनी घातला. मला वाटतं, हजार वर्षं टिकण्याचं कारण यातच आहे. एका राजाच्या भरवशावर उभी राहिलेली संस्था त्या घराण्याबरोबर झुकते. अजिंठ्याच्या वैभवाचा काळ वाकाटक सम्राट हरिषेणाच्या कारकिर्दीशी घट्ट बांधलेला होता. कृष्णगिरीची मुळं शेकडो लहान ठेवींत पसरली होती. एक आटली तरी दुसरी चालू असे.

बंगालचा माणूस इतक्या लांब का आला असेल, याचंही उत्तर त्या काळच्या बौद्ध जगात आहे. नवव्या शतकात बौद्ध धर्माचं बळ पूर्वेकडे पाल राज्यात एकवटलं होतं. नालंदा होती, विक्रमशिला नव्याने उभी राहिली होती. पश्चिम किनाऱ्यावर कृष्णगिरी हे जिवंत ठाणं होतं. दोन्ही टोकांमध्ये भिक्षू, उपासक आणि व्यापारी यांची ये-जा असणं साहजिक होतं, आणि अविघ्नाकर त्या ये-जा करणाऱ्यांपैकी एक. उत्तरकाळातल्या उपासनेच्या खुणा डोंगरावर सापडल्या आहेत त्याही पूर्वेकडच्या विहारांशी जुळतात. एका लेण्यातल्या मातीत कच्च्या मातीच्या पुष्कळ मुद्रा मिळाल्या, त्यांवर बौद्धांचं कारणपरंपरेचं सूत्र उमटवलेलं. नालंदेला अशा मुद्रा ढिगांनी निघतात. गरीब यात्रेकरूला स्तूप बांधणं परवडत नाही, मुद्रा ठेवणं परवडतं.

मग अकराव्या शतकात, त्याच नव्वद क्रमांकाच्या लेण्यात, एक अनपेक्षित लिपी दिसते. पहलवी. कुणा पाहुण्यांनी आपली नावं, बापाची नावं, महिना, दिवस आणि यज्दगर्दी सन कोरून ठेवला आहे. सनांवरून तारखा निघतात. दोन भेटी इसवी सन १००९ च्या, एक १०२१ ची. मज्दयस्नी धर्माची ही माणसं, आपण आज पारशी म्हणतो त्यांचे पूर्वज किंवा त्यांचे इराणातून आलेले नातलग. ती बौद्ध नव्हती. तरी डोंगर चढून आली, अवलोकितेश्वराच्या दालनात थांबली आणि इतक्या काळजीने नावं लिहिली की साक्षीदारांनी दस्तावर सह्या केल्यासारखं वाटतं. त्या वेळी तिथे भिक्षू होते की नाही हे त्या लेखांतून कळत नाही. जागा ओसाड असती तर बारा वर्षांच्या अंतराने पुन्हा त्याच दालनात माणसं आली नसती, असं माझं मत. येण्यासारखं, दाखवण्यासारखं, कुणीतरी दार उघडण्यासारखं तिथे अजून होतं.

त्यानंतर मात्र विहार शांतपणे संपत गेला. कुणी हल्ला करून तो मोडल्याची खूण नाही. पेटलेल्या लाकडाचे थर नाहीत, मूर्तींची शिरं एका झटक्यात उडवलेली नाहीत. सोपाऱ्याची खाडी गाळाने भरत गेली आणि व्यापार ठाण्याकडे वळला. व्यापाऱ्यांचं दान मंदिरांकडे जाऊ लागलं. शके ९८२ मध्ये, म्हणजे १०६० साली, शिलाहार मुम्मुणीच्या कारकिर्दीत अंबरनाथचं शिवमंदिर पुरं झालं. कोरलेल्या लेण्याकडून बांधलेल्या देवळाकडे कोकणाची श्रद्धा आणि कारागिरी दोन्ही गेल्या होत्या. ठेवींचं व्याज देणारं कुणी उरलं नाही तर चीवर येत नाही, टाक्यातला गाळ निघत नाही, पन्हळ तुंबते आणि पाणी ओसरीत येतं. दापोलीजवळच्या पन्हाळेकाजीला याच सुमारास वज्रयानी बौद्धांनी अक्षोभ्य आणि महाचंडरोषण यांच्या मूर्ती बसवल्या आणि पुढे तिथे नाथपंथीय आले. कोकणातला बौद्ध धर्म असा एका पंथातून दुसऱ्या पंथात विरघळत गेला. कृष्णगिरीवरही जोगी राहू लागले असावेत.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहकडून वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. फ्रान्सिस्कन पाद्री डोंगरावर पोचले आणि मोठ्या चैत्यगृहात काही काळ ख्रिस्ती पूजा चालली. पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोतु याने कान्हेरीबद्दल लिहिताना स्थानिक लोकांकडून ऐकलेली एक कथा नोंदवली. राजाने आपल्या मुलाला जगाचं दुःख दिसू नये म्हणून त्याला बंद महालात वाढवलं, आणि तरीही त्याने ते पाहिलं व तो घर सोडून गेला, अशी. कोतुला ही कथा ओळखीची वाटली, कारण युरोपात संत जोसाफतची गोष्ट अशीच सांगत. ती मूळ बुद्धाचीच कथा आहे आणि अरब-ग्रीक भाषांतून फिरत युरोपात पोचून संतचरित्र झाली, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं. विहार बंद पडून चार-पाचशे वर्षं झाली होती. भिक्षू नव्हते, ग्रंथ नव्हते, डोंगराला लोक राक्षसांचं आणि पांडवांचं काम म्हणू लागले होते, तरी राजपुत्राची ती कथा साष्टीच्या माणसांच्या तोंडी टिकून होती.

कृष्णगिरीचं नाव पुन्हा दगडातून वाचून काढलं ते एकोणिसाव्या शतकात. एडवर्ड वेस्ट हा इंजिनिअर मुंबईत रेल्वेच्या कामावर होता. सवड मिळेल तेव्हा तो डोंगरावर जाऊन लेखांचे ठसे घेई. १८६१ च्या सुमारास त्याने कान्हेरीचे लेख मोठ्या संख्येने छापले. त्या मातीच्या मुद्राही त्यालाच मिळाल्या होत्या. पुढे तो पहलवीचा मोठा पंडित झाला, पारशी धर्मग्रंथांचे पाच खंड त्याने भाषांतरित केले, आणि १८८० मध्ये कान्हेरीच्या पहलवी लेखांचं वाचन त्यानेच प्रसिद्ध केलं. मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांनी हाताशी धरलेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी प्राकृत लेखांवर अशीच मेहनत घेतली. भगवानलालांनी १८८२ साली सोपाऱ्याचा स्तूपही उकरला. विहार आणि त्याचं बंदर, दोन्ही एकाच माणसाच्या हातून उजेडात यावीत हा चांगला योग.

काम तरीही अपुरं होतं. डोंगराच्या एका कडेवर, वस्तीपासून बाजूला, लांब पसरलेल्या कातळी छपराखाली विटांच्या स्तूपांचे ढिगारे पडून होते. आज ते सत्याऐंशी क्रमांकाचं लेणं. जुन्या पाहणाऱ्यांनी ते स्तूप म्हणून नोंदवले, पण तिथली अक्षरं कुणी वाचली नव्हती. डेक्कन कॉलेजच्या डॉ. शोभना गोखले यांना १९७० च्या दशकात त्या ढिगाऱ्यांत लेख कोरलेले दगड मिळाले. प्रत्येक लेखात एकेका थेराचं नाव आणि त्याची योग्यता. कुणी अर्हत, कुणी सहा अभिज्ञा मिळवलेला, कुणी धर्मग्रंथांचा जाणकार. ही विहाराच्या ज्येष्ठ भिक्षूंची स्मशानभूमी होती. गोखल्यांनी तिला निर्वाणवीथी म्हटलं आणि १९९१ मध्ये 'कान्हेरी इन्स्क्रिप्शन्स' या ग्रंथात हे सगळे लेख अर्थासह छापले. त्यापूर्वी कान्हेरीच्या इतिहासात देणाऱ्यांची नावं भरपूर होती. ज्यांच्यासाठी दिलं त्या भिक्षूंची नावं, त्यांच्या विद्येसह, इतक्या संख्येने प्रथमच हाती आली.